पाण्याकाठची तीन नंबरची जागा

एखादी गोष्ट पक्की कशी करायची, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! चाळीस वर्षं मी नॉर्थ डकोटात ट्रॅक्टर विकले. गिऱ्हाईक "बघू" म्हणालं, की मी त्याच्या बायकोला ट्रॅक्टरवर बसवून दोघांचा फोटो काढायचो. फोटो निघाल्यावर माघार घेणारा शेतकरी अजून जन्माला यायचाय!

हीच युक्ती मी टेक्ससच्या किनाऱ्यावर वापरली. दर नोव्हेंबरात मी आणि मार्लिस पिकअपला ट्रेलर जोडतो आणि बर्फ सुरू व्हायच्या आत तिथल्या आरव्ही पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत, मुक्काम ठोकतो, तो एप्रिलपर्यंत. आमची जागा वाईट नव्हती. सत्तेचाळीस नंबर, ओकच्या झाडाची सावली, शेजारी बहिरे. पण पाण्याकाठी जागा फक्त आठ! तिथे खुर्चीतून न उठता मासा गळाला लागतो. ती जागा हवी, तर ऑफिसातल्या यादीत नाव लावायचं आणि कुणी सोडतंय का याची वाट बघायची. सहा वर्षं मी यादीत पहिला होतो. सहा वर्षं! आणि पाण्याकाठचे सगळे म्हातारे समुद्राच्या हवेनं दरवर्षी जास्तच टवटवीत होत होते.

मग जानेवारीत तीन नंबरवाला ऑरिन माझ्याजवळ मोकळा झाला. आमच्याच नॉर्थ डकोटाचा, वय अठ्ठ्याऐंशी, एकटा जीव.

"डोळे साथ देत नाहीत रे लाइल. इतक्या लांब गाडी हाकणं जमत नाही आता. मुलगी म्हणते, बाबा, जागा सोडा आणि कायमचे माझ्याकडे या. बघू."

मी धावतच ट्रेलरवर आलो.

"मार्लिस! तीन नंबर आपला!"

"नक्की काय म्हणाला तो?"

"बघू म्हणाला."

"म्हणजे त्याचं ठरलेलं नाहीये."

"म्हणून तर ते मी ठरवणार! त्याचा निरोप समारंभ करायचा. दणक्यात! सगळं पार्क बोलवायचं, भाषणं करायची, गळ्यात पडून रडायचं. एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिथेच खुर्ची टाकून मासे धरत बसायला माणसाला लाज वाटेल की नाही?"

"लाज तुला वाटायला हवी," मार्लिस म्हणाली आणि रजया शिवायच्या वर्गाला निघून गेली.

मी आधी ऑरिनला गाठलं. "शनिवारी तुमचा निरोप समारंभ!"

"माझा? अरे, पण मी अजून..."

"लाजताय काय!" मी त्याची पाठ थोपटली आणि तडक ऑफिसात गेलो. तिथे नेल्डा बसते. पार्क तीच चालवते आणि नियमाबाहेर केसभरही सरकत नाही.

"नेल्डा, तीन नंबर माझ्या नावावर लिही."

"एका माणसाला दोन जागा मिळत नाहीत, लाइल. आधी सत्तेचाळीस सोडल्याची सही लागेल."

"आण कागद!"

"पण ऑरिननं मला अजून काहीच कळवलं नाहीये हं."

"कळवतील गं! केकवर त्यांचं नावसुद्धा घालायला सांगितलंय!"

मी झोकात सही ठोकली. तासाभरात कॅनडातल्या सस्कॅचवानचं एक मास्तर जोडपं बसएवढी गाडी घेऊन आमच्या ओकखाली हजर! दोन दिवस बिचारे जागेसाठी ताटकळत होते म्हणे. मार्लिस वर्गातून परतली, तर आमच्या जागेवर परकी माणसं कॉफी पीत बसलेली.

"लाइल! आपलं घर कुठाय?"

"लाँड्रीमागे. चारच दिवस!"

लाँड्रीमागची ती जागा अडल्यानडल्यांसाठी ठेवलेली असते. कपडे वाळवायच्या अकरा मशिनींची गरम हवा थेट आमच्या खिडकीत यायची. सगळ्या पार्काच्या मोज्यांचा वास नाकात घेऊन आम्ही जेवत होतो. मार्लिस चार दिवस माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोलली.

शनिवारी सगळं पार्क लोटलं. चीज घालून भाजलेले बटाटे, लाल-हिरव्या जेल्या, ऑरिनच्या आवडीचं पिठाच्या गोळ्यांचं सूप, फळं भरून भाजलेले नऊ प्रकारचे गोड 'पाय'! अकॉर्डियनवर पोल्का नाच झाला आणि मी भाषणाला उभा राहिलो. म्हाताऱ्याला परतीचा रस्ताच उरू नये, असं भाषण मी तयार केलं होतं.

"सकाळी नऊपर्यंत कुणाची खिडकी उघडली नाही, तर पहिलं दार कोण वाजवतं? ऑरिन! नव्या माणसाला मासा साफ करायला कोण शिकवतं? ऑरिन!"

बायका डोळे पुसायला लागल्या. मला चेव आला. आणि मग कागदावर नसलेलंच काहीतरी तोंडातून निघालं. दोन वर्षांपूर्वी मार्लिसला न्यूमोनिया झाला होता. अकरा दिवस हा माणूस हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होता, सँडविचचा डबा घेऊन, एक शब्द न बोलता. ते सगळं मी सांगून टाकलं. "तुमच्याशिवाय हा किनारा..." एवढंच म्हणालो आणि रडलो. सोंग नव्हतं हो, खरंच रडलो!

ऑरिन सावकाश उठला.

"मुलगी विचारते, बाबा, तिथे तुमचं आहे कोण? मला उत्तर सुचायचं नाही. आज लाइलनं ते दिलं." त्यानं मोठ्यांदा नाक शिंकरलं. "मी कुठेही जात नाही!"

काय तो जल्लोष! पोल्का पुन्हा सुरू झाला. सगळे ऑरिनला मिठ्या मारत होते आणि मलाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी टाळ्या मी सगळ्यांपेक्षा जोरात वाजवत होतो.

"पण ऑरिन, तुमचे डोळे!" मी शेवटचा प्रयत्न केला. "दीड हजार मैल गाडी चालवणार कोण?"

सगळ्यांच्या माना ऑरिनकडे वळल्या. गोड पदार्थांच्या टेबलामागून मार्लिसचा आवाज आला, चार दिवसांतला पहिला गोड आवाज.

"लाइल चालवेल की! आमची मी आणीन."

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

सोमवारी नेल्डासमोर उभा राहिलो. "सत्तेचाळीस परत..."

"ती गेली. आणि जागा सोडली की यादीतही शेवटून सुरुवात करायची, लाइल. तू आता एकोणिसावा."

याला दोन वर्षं झाली. दर नोव्हेंबरात मी ऑरिनची गाडी दीड हजार मैल चालवत आणतो आणि पाण्याकाठी अशी अचूक लावून देतो, की बघायला खुर्च्या घेऊन जमलेली मंडळी वाहवा करतात. मग लाँड्रीमागे जातो. तिथे हिवाळ्यात फार उबदार असतं, हे मी मुद्दाम सगळ्यांना सांगतो.

गेल्या महिन्यात ऑरिनला तपासणीसाठी डॉक्टरकडे मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, नव्वदीचा माणूस, पण हृदय पन्नाशीचं आहे. ऑरिनला फार आनंद झाला. मलाही झाला, असं मी मार्लिसला सांगितलंय.