क्रिसांतोची पर्रांदा आणि जावयाची मगर

ओबदुलिया बोकडाच्या मटणाला लिंबू चोळत बसली होती, तेवढ्यात अंगणाच्या भिंतीवरून एका मगरीने आत डोकावलं.

मगर रंगवलेली होती. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात सोन्याची साखळी, दातांत गुलाबाचं फूल. ती ज्या खोक्यावर रंगवली होती ते खोकं कपाटापेक्षा उंच होतं आणि ट्रकवर उभं होतं. ट्रकच्या टपावर बसून ओबदुलियाचा जावई विल्मर दोन्ही हात हलवत होता.

"सासूबाई! बघा काय आणलंय! अख्ख्या बार्रांकिया शहरात असा पिको नाही. आज सासऱ्यांच्या पर्रांदेत भिंती नाचतील, भिंती!"

ओबदुलियाच्या हातातलं लिंबू मटणात पडलं ते तिथेच राहिलं.

आता विल्मर पोरगा वाईट नाही. मन लोण्याचं आहे, डोकं मात्र भोपळ्याचं. शहरात वाढलेला. तिकडे रस्त्याच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकतात, मधे असला कपाटाएवढा पिको, म्हणजे कर्ण्यांचं खोकं, उभा करून कान फाटेस्तोवर गाणी लावतात आणि एकमेकांना चेंगरत नाचतात. त्याला ते वेर्बेना म्हणतात. म्हणोत बापडे. पण आमच्या तिनाह गावात माणूस पर्रांदेला येतो तो बसायला आणि ऐकायला. आंब्याखाली खुर्च्या, एक अकॉर्डियन, एक ढोलकं, पातेलंभर रस्सा आणि बडीशेपेची दारू. वाजवणारा वाजवतो, मधेच थांबून ते गाणं कोणाच्या बायकोवर रचलं ते सांगतो, आणि बाकीचे चकार शब्द काढत नाहीत. नाचायचं तर नावच नको. पर्रांदेत उठून नाचणं म्हणजे पाद्रीबाबा प्रवचन देत असताना पहिल्या बाकावर बसून शेंगा सोलण्यासारखं.

हे विल्मरला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या बायकोला, यादिराला, वाटलं यात सांगायचं काय? तिने आपलं फोनवर कळवलं की बाबांच्या सत्तरीला पर्रांदा आहे. विल्मर म्हणाला, पर्रांदा काय नि वेर्बेना काय, शेवटी मजाच ना! आणि सासऱ्यांना खूश करायला मित्राचा पिको उचलून आणला.

एरवी ओबदुलियाने त्याला चार शब्द सुनावून विषय सोडून दिला असता. पण आजची गोष्ट वेगळी होती. तिच्या नवऱ्याचा, क्रिसांतोचा, डावा कान कधीच गेला होता आणि उजव्याचाही भरवसा धरू नका असं डॉक्टर म्हणाला होता. तेव्हा म्हाताऱ्याने एकच मागितलं. "हा कान शाबूत आहे तोवर मला एमेतेरियोचं अकॉर्डियन एकदा शांतपणे ऐकायचंय." बस. नवा सदरा नको, केक नको.

आणि एमेतेरियो म्हणजे काय असामी! क्रिसांतोचा लहानपणचा दोस्त, डोंगरात राहणारा, बोटांत देवाने मध घातलेला आणि नाकावर राग. एकदा एका गावच्या महापौराच्या बायकोने खुर्चीतल्या खुर्चीत खांदे हलवले, तर याने अकॉर्डियन पेटीत घातलं, टोपी डोक्यावर चढवली आणि रस्सा न खाता चालता झाला. त्या गावात त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

"विल्मर, खाली उतर," ओबदुलिया म्हणाली.

"आलो, सासूबाई. वायर कुठे लावू?"

"वायर कुठे लावायची ते मी तुला नीट सांगते. आधी उतर."

तो उतरला, पण उतरताना त्याचा पाय कुठल्याशा बटणावर पडला. मगरीतून ट्रकच्या बॅटरीवर गाणं असं काही डरकाळलं की कोंबड्या आंब्यावर चढल्या आणि घरातली संत रोक्यूची तसबीर खिळ्यासकट खाली आली. गल्लीतून टाळ्या पडल्या. ओबदुलियाने फाटक उघडून पाहिलं. बाहेर जत्रा लोटली होती. तंग झगे घातलेल्या पोरी, केसांना तेल चोपडलेली पोरं, शेजारच्या गावांतले रिकामटेकडे, सगळे कंबर कसून उभे.

"यांना कोणी बोलावलं?"

"मीच, सासूबाई! येताना वाटेतल्या प्रत्येक गावात भोंग्यावरून सांगत आलो." विल्मरची छाती अजून फुगलेलीच होती.

ओबदुलियाने त्याला विहिरीपाशी नेऊन पर्रांदा म्हणजे काय आणि वेर्बेना म्हणजे काय ते समजावलं. समजावताना तिने आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच तो जास्त घाबरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग आता? पिको परत नेतो."

"पिको नेशील, पण ही गर्दी कुठे नेशील? ती अशीच राहिली तर ढोलक्यावर पहिली थाप पडल्याबरोबर कुल्ले हलवणार आणि एमेतेरियो टोपी उचलणार." तिने डोकं खाजवलं. "माणूस उभा असतो म्हणून नाचतो. बसलेला नाचत नाही. ते यंत्र बंद कर आणि खुर्च्या आण. मिळतील तेवढ्या."

आता तिनाहात इतक्या खुर्च्या एकाच ठिकाणी मिळतात. चर्चच्या मागच्या खोलीत. त्या पांढऱ्या खुर्च्या मयताच्या घरी जागरणाला बसणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विल्मर गावातला नव्हता. त्याने सगळ्या खुर्च्या ट्रकवर चढवल्या आणि शोभेला बऱ्या दिसतील म्हणून त्यांच्याजवळचे ते चार उंच मेणबत्त्यांचे खांबही घेतले. मग अख्ख्या चौकातून, एक गाणं न लावता, तोंड पाडून ट्रक हाकत आला.

लोकांनी काय समजायचं? सत्तरीचा म्हातारा, मधेच बंद पडलेलं गाणं, रडवेला जावई, मयताच्या खुर्च्या.

ओबदुलिया रस्सा ढवळून बाहेर आली तेव्हा अंगणात ओळीने खुर्च्या लागल्या होत्या आणि त्यांवर माणसं खाली मान घालून बसली होती. तंग झग्यांवर काळ्या ओढण्या आल्या होत्या. पोरांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या. पुढच्या ओळीत शेजारीण तेओतिस्ते, नखशिखांत काळ्या कपड्यांत, कॉफीचा थर्मास उराशी धरून.

"ओबदुलिया, बये," तेओतिस्तेने हुंदका दिला, "काय गं हे झालं! सोन्यासारखा माणूस!"

ओबदुलियाच्या डोक्यात उजेड पडला. चूक सांगायला तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिने पुन्हा एकदा त्या ओळींकडे पाहिलं. कोणी हलत नव्हतं. कोणी खोकत नव्हतं. तिने तोंड मिटलं.

"बसा," ती म्हणाली. "रडारड नको. त्याला गोंगाट आवडत नाही."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. ज्याला आवडत नव्हता तो आत मोरीत दाढी करत होता.

एमेतेरियो मागच्या दाराने, खेचरावरून आला. दारातूनच त्याने अंगणात नजर टाकली आणि टोपी काढली.

"वहिनी, ही सगळी ऐकायला आलीत?"

"मग काय माशा मारायला?"

"एवढी माणसं आणि एकाची चुळबुळ नाही! अशी माणसं आता उरली कुठे हो."  आंब्याखाली बसून त्याने अकॉर्डियन मांडीवर घेतलं.

तेवढ्यात क्रिसांतो बाहेर आला. पांढरा सदरा, ओले केस, गालाला पावडर. येऊन पहिल्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीत, तेओतिस्तेच्या शेजारी बसला. तेओतिस्तेचा थर्मास खाली पडला. मागे कोणीतरी किंकाळी फोडली, निम्म्या लोकांनी छातीवर क्रूस काढला.

"गप बसा!" ओबदुलिया मागून कडाडली. "कोणी मेलेलं नाही. सत्तर वर्षांचा झालाय, एवढंच. जो उठेल त्याला रस्सा मिळणार नाही."

कोणी उठलं नाही. अर्धे रश्श्यासाठी, अर्धे भीतीने. क्रिसांतो मागे वळून कौतुकाने म्हणाला, "केवढी माणसं आलीत गं! आणि सगळी कशी नीटनेटक्या काळ्या कपड्यांत!"

एमेतेरियोने वाजवायला घेतलं. काय सांगावं! आंब्यावरच्या कोंबड्यासुद्धा माना वाकड्या करून ऐकू लागल्या. ओबदुलिया पळी हातात धरून नवऱ्याकडे बघत होती. तो हसत होता, एमेतेरियोच्या बोटांवर डोळे लावून बसला होता, आणि गुडघ्यावर बोटाने ताल धरत होता. फक्त तो ताल त्या गाण्याचा नव्हता. कुठल्याच गाण्याचा नव्हता.

एमेतेरियोलाही ते दिसलं. त्याच्या कपाळाला आठी पडली आणि त्याने मधेच हात थांबवला.

अकॉर्डियन थांबलं, पण क्रिसांतोचं बोट गुडघ्यावर चालूच राहिलं.

सगळं अंगण त्या बोटाकडे बघत राहिलं. मग क्रिसांतोला कळलं. त्याने हात सावकाश मांडीखाली घेतला. "फार छान वाजवलंस, दोस्ता," तो म्हणाला. "फार छान." उजवाही कान गेला होता. म्हाताऱ्याने घरात कोणाला कळू दिलं नव्हतं.

एमेतेरियो उठला. ओबदुलियाला वाटलं, आता टोपी घेणार. पण तो सरळ ट्रकपाशी गेला. तिथे चाकाला टेकून विल्मर बसला होता.

"ओ जावईबापू. तुमच्या या मगरीला माइक लागतो का?"

"ला... लागतो, आजोबा."

"मग लाव. आणि लाजत लाजत लावू नकोस."

दोघांनी क्रिसांतोची खुर्ची उचलून ट्रकवर नेली, आणि त्याची पाठ मगरीच्या पोटाला टेकवून ठेवली. एमेतेरियोने पहिला सूर काढला तशा कोंबड्या आंब्याच्या शेंड्याला गेल्या. खोक्याची थरथर लागून क्रिसांतोची पाठ ताठ झाली. त्याने डोळे मिटले. बोट गुडघ्यावर आपटलं ते बरोब्बर ठेक्यावर.

"हा!" तो बहिऱ्या माणसासारखा ओरडला. "आत्ता आलास, एमेतेरियो! आत्ता आलास!"

त्या आवाजात बसून राहील असा माणूस अजून जन्माला यायचाय. सगळ्यांत आधी तेओतिस्ते उठली, सुतकाच्या कपड्यांत, थर्मास डोक्यावर धरून. मग झगे उठले, तेल लावलेली पोरं उठली, मयताच्या खुर्च्या भिंतीला लागल्या.

विल्मर धापा टाकत सासूकडे आला. "सासूबाई, नाचतायत! थांबवू का? आजोबा निघून जातील!"

ओबदुलियाने एमेतेरियोकडे पाहिलं. तो उभ्यानेच जीव तोडून वाजवत होता आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते, एरंडेल पाजताना पोरं मिटतात तसे.

"त्याला कुठे दिसतंय कोणी नाचताना?" ती म्हणाली.

"पण मग ही पर्रांदा झाली की वेर्बेना?"

"जो बसलाय त्याला जाऊन विचार," ओबदुलियाने पळी त्याच्या हातात कोंबली, "आणि रस्सा करपू देऊ नकोस." एप्रनला हात पुसत ती गर्दीत शिरली.

विल्मरने वळून पाहिलं. बसलेला एकटा क्रिसांतोच होता.