गाळलेला शब्द

"अस्वलाने बाजारातून विकत आणला फुगा, दोरी सुटली, उडून गेला, अस्वल म्हणे..." एवढं म्हणून आई थांबली आणि टिकलीच्या तोंडाकडे बघत मनात मोजू लागली. एक, दोन, तीन.

"बघा," स्वयंपाकघरातून आजोबा म्हणाले.

आईने डोळे मिटून घेतले. टिकली अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. हवं त्याकडे बोट दाखवायची आणि घरातलं कुणीतरी ते चटकन आणून द्यायचं. थेरपिस्टबाईंनी तपासून सांगितलं होतं, "कान उत्तम आहेत, समजतंही सगळं. रोज या कागदावरची बडबडगीतं म्हणा. ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि थांबा. ती जागा तिला भरू दे. तीन आठवड्यांनी पुन्हा भेटू." आईने हे वहीत उतरवून घेतलं होतं आणि 'थांबा'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

थेरपिस्टबाईंना आजोबा माहीत नव्हते. छापखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. कुठे शब्द गळालेला दिसला की तो भरल्याशिवाय त्यांना चहा जात नसे.

"बाबा, तो शब्द तिने म्हणायचाय."

"कळतं गं मला. पण तू अर्ध्यावर सोडतेस आणि मग तो माझ्या घशात अडकून बसतो."

दुसऱ्या दिवशी ते बोलले नाहीत, पण नेमक्या जागी खोकले. तिसऱ्या दिवशी खोकला आवरला आणि भुवया उडवल्या. टिकली खदखदून हसली. तेव्हापासून गाणं थांबलं की ती आईकडे बघेचना, मान वळवून आजोबांकडे बघू लागली. सगळी मेहनत पाण्यात चालली आहे असं आईला वाटलं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि खेळीमेळीने म्हटल्यासारखं, पण दात आवळून म्हटलं, "आजोबा, गप्प हं."

सासऱ्यांशी असं बोलू नये हे तिला कळत होतं. म्हणून तर तो 'हं' होता. दुसऱ्या आठवड्यात तो गळाला.

मग आजोबांची खुर्ची गॅलरीत गेली. तिथून ते काचेआडून ओठ हलवू लागले, म्हणून पडदा ओढला गेला.

"अगं, बाबांना जरा..." नवरा म्हणाला.

"फक्त तीन आठवडे. तुझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

आजोबा आता बोलेनासेच झाले. कुठलं थांबणं गाण्यातलं आणि कुठलं नुसतंच, याचा भरवसा उरला नव्हता, त्यामुळे जेवतानाही त्यांनी तोंड उघडणं सोडलं. मीठ हवं असलं की मिठाकडे बोट दाखवत. घरात बोटाने मागणारे आता दोघं झाले.

ठरल्या दिवशी थेरपिस्टबाईंच्या खोलीत आईने सतरंजीवर बसून अस्वलाला बाजारात पाठवलं, फुगा उडवला आणि थांबली. सहा, सात. टिकलीने खोलीभर नजर फिरवली, दाराकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवून, थेट आईच्या सुरात म्हणाली, "आजोबा, गप्प."

थेरपिस्टबाईंचा चेहरा उजळला. "एकदम दोन शब्द, आणि किती स्वच्छ. हे कुठलं गाणं? माझ्या कागदावर तर नव्हतं."

"घरचंच आहे," आई म्हणाली.

"रोज म्हणता?"

"रोज."

"मध्ये न थांबता?"

"अजिबात न थांबता."

"तरीच. मनापासून म्हटलेलं मुलं बरोबर उचलतात," असं म्हणून त्यांनी फायलीत काहीतरी लिहिलं. आईला ते वाचायचं धैर्य झालं नाही.

घरी पोचल्या तर आजोबा दारातच उभे होते. त्यांनी भुवयांनीच विचारलं.

"बोलली, बाबा. 'आजोबा' म्हणाली."

आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग सुनेच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. "पुढचं काहीतरी गाळलंस," ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"'गप्प'," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "'आजोबा, गप्प.' माझंच ऐकून. चुकलं माझं, बाबा."

"दोन्ही शब्द स्पष्ट होते?"

"हो."

"मग कशाला रडतेस? मुलगी बोलली ना?" एवढं म्हणून ते गॅलरीत जायला निघाले.

आईने पुढे होऊन पडदा सारला, खुर्ची उचलून आत आणली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. टिकली त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. आईने गाणं सुरू केलं, फुगा उडाला, आणि ती थांबली. टिकली आजोबांकडे बघू लागली. आजोबा सुनेकडे.

"म्हणा ना, बाबा. मुद्दाम तुमच्यासाठी सोडलाय."

आजोबांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "मला आता सवय झालीय."