परबकाकांचा कान

शेजारचे परबकाका माझ्यासमोर पहिल्यांदा आमच्या घरी आले ते थेट स्वयंपाकघरात, आणि तांदळाच्या डब्याला कान लावून उकिडवे बसले. माझं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. मी दादरची, शिवाजी पार्काजवळची. आमच्याकडे परका माणूस बाहेरच्या खोलीच्या आत येत नसे. इथे नायगावच्या चाळीत बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक कपाट होतं.

"आयक गो," काका डोळे मिटून म्हणाले, "चरतत."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी निमूटपणे परात पुढे केली. काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक पोकळ सळई काढली, डब्यात तळापर्यंत खुपसली आणि परातीत तांदूळ ओतले. तांदळाबरोबर पाच-सहा टोके, ते काळे बारीक किडे, बाहेर पडले आणि आपापल्या कामाला लागले.

काकांची सगळी नोकरी बंदरातल्या धान्याच्या गोदामात गेली. पोत्यात सळई खुपसायची, नमुना काढायचा, कीड आहे की नाही ते सांगायचं. निवृत्त झाले तेव्हा सळई सोबत घेऊन आले आणि आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांचा कारभार हाती घेतला. कुणाच्या तुरडाळीला एरंडेल चोळ, कुणाच्या तांदळात कडुनिंबाचा पाला घाल, कुणाच्या बेसनातली जाळी काढ. फी एकच, अर्धा कप चहा. तो मात्र बसून प्यायचा, आणि त्या घरातल्या सगळ्यांची चौकशी करून झाल्याशिवाय संपवायचा नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी विरारला. घरी चूल क्वचितच पेटायची.

पिठात अळी निघाली की बाई चोरासारखी तोंड लपवते. काकांना हे मुळीच कळत नसे. गॅलरीच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं ते जाहीर करत, "खामकरांच्या रव्यात अळये!" वर पुन्हा समजूत काढत, "लाज कसली? किडो लागता ताच खरा धान्य!"

या खामकर वहिनींच्या मुलीला बघायला पाहुणे आले, त्या दिवसाची गोष्ट चाळीत अजून सांगतात. पोह्यांच्या बश्या नुकत्याच हातात गेल्या होत्या. तेवढ्यात काका दारात.

"सकाळचे पोहे नीट चाळलंस मा गो?"

वहिनींनी डोळे मोठे केले, मान हलवली, शेवटी तोंडानेच म्हणाल्या, "काका, आमच्या पोह्यांत कुठे काय होतं?"

"खोटा कित्या बोलतंस? सतरा टोके मी स्वतः काढलंय!"

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. वहिनींचा चेहरा पोह्यांपेक्षा पिवळा झाला. मग ती काकांकडे सरकली आणि हळूच म्हणाली, "आमच्या तांदळाला पण फार होतात हो. काय करावं?" पुढचा अर्धा तास मुलगी बाजूला राहिली आणि पाहुण्या बाई एरंडेल किती घ्यायचं ते लिहून घेत बसल्या. लग्न जमलं. पहिली पत्रिका काकांना गेली. तरी वहिनींनी नंतर त्यांना फैलावर घेतलंच, "एकदा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"दुसऱ्या कशाबद्दल बोलान," काका म्हणाले, "किड्यांबद्दल नाय."

मग चाळ गेली आणि टॉवर आला. आम्ही सोळाव्या मजल्यावर, काका चौदाव्यावर. नव्या घराबरोबर सगळ्यांना नव्या सवयी लागल्या. तांदूळ दोन-दोन किलोंच्या पिशव्यांतून यायला लागला, पीठ घट्ट झाकणाच्या बरण्यांत गेलं, आणि दारं बंद झाली. काका बेल वाजवत. दार हातभर उघडे.

"काय लागला नाय मा?"

"नाही काका, सगळं स्वच्छ आहे!" आम्ही अभिमानाने सांगायचो. मीसुद्धा.

"बरा झाला," ते म्हणायचे आणि थोडा वेळ तिथेच उभे राहायचे. माझा कुकर असायचा, ऑफिसची घाई असायची. मी दार लावून घ्यायची.

परवा लिफ्टमध्ये भेटले. इस्त्रीचा सदरा, खिशात सळई.

"कुणाकडे निघालात?"

"खंय नाय. सगळ्यांचा धान्य बरा आसा आता." मग लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "दोन महिने झाले, कोणाच्या घरात बसाक नाय."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की हा माणूस किड्यांसाठी येतो.

रविवारी सकाळी मी फोन केला. "काका, तांदळात टोके झालेत. येता का?"

पाच मिनिटांत हजर. मी डबा पुढे ठेवला. तांदूळ चारच दिवसांपूर्वी आणलेला, कणभरही कचरा नसलेला. काका उकिडवे बसले, गुडघे कुरकुरले, कान डब्याला लागला. डोळे मिटले. आता डोळे उघडतील आणि म्हणतील, खोटा कित्या बोलतंस गो? मी ओट्याला टेकून अपराध्यासारखी उभी होते.

त्यांनी सळई खुपसली आणि तांदूळ तळहातावर घेतले. पांढरेशुभ्र दाणे. दोघांनीही पाहिले. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा हाताकडे.

"आसत," ते म्हणाले. "खूप आसत. ह्या एका दिवसाचा काम न्हय. उद्या परत येवचा लागतला."

मी घाईने पाठ वळवून चहाचं आधण ठेवलं.

"परवापण या, काका," मी म्हटलं. "डाळ बघायचीय."