बेशरमच्या खुंट्या

हेमराजची नोकरी पावसाळ्यातल्या तपासणीवर टांगली होती. बंद पडलेल्या कोळसा खाणीतून उपसलेल्या मातीचा शेजारीच डोंगर झाला होता, आणि दरवर्षी तो सरकून पायथ्याच्या रस्त्यावर येऊन बसायचा. त्याच्या उतारावर काथ्याची जाळी अंथरायची, खुंट्या ठोकायच्या आणि जाळीत गवत उगवायचं, असं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं. हेमराज त्याचा सुपरवायझर. "तपासणीत नापास झालास तर पोंभुर्ण्याला घरी," ठेकेदारानं सांगून ठेवलं होतं. घरी म्हणजे सासऱ्याचे टोमणे ऐकत त्याच्या पानठेल्यावर बसणं.

खुंट्या बांबूच्या हव्या होत्या. बांबू फॉरेस्टच्या डेपोत आणि डेपोचा साहेब रजेवर. हेमराजनं मजुरांची मुकादम गुणाबाईला सांगितलं, "कोणतंबी लाकूड चालते. जाळी पकडली पायजे, बस!"

गुणाबाईनं नाल्याकाठी माजलेल्या बेशरम नावाच्या झुडपाच्या कांड्या तोडून आणल्या. बायांनी सब्बलीनं भोकं पाडून दोन दिवसांत सगळा उतार ठोकून काढला. बेशरम कुठंही खुपसली तरी पालवते, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हेमराजलाही होतं, पण सुपरवायझर झालेला माणूस खाली वाकून बघतो थोडाच?

तीन आठवड्यांत गवत पिवळं पडलं आणि खुंट्यांना पानं फुटली.

"गुणाबाई, हे का करून ठेवलं तुमी?"

"मी का केलं? तुमीच म्हणाले, कोणतंबी लाकूड चालते!"

"उपटा सगळं!"

दहा खुंट्या उपटल्या आणि जाळी सुटून मातीसकट खाली आली, लटारू नावाच्या मजुराला सोबत घेऊन. लटारू चिखलात बसूनच ओरडला, "उपटू नोका बे! डोंगर येते अंगावर!"

"मंग छाटा!" हेमराजनं हुकूम बदलला. बायांनी फांद्या छाटून पायथ्याशी फेकल्या. त्यावर चांगली दहा दिवस झड लागली आणि फेकलेली फांदी न् फांदी रुजली. तपासणीच्या दिवशी उतार, पायथा, नाली, सगळीकडं बेशरम डोलत होती.

नागपूरहून तपासणीला रश्मी मॅडम आल्या, सोबत ठेकेदारही.

"हिरवं आहे मॅडम," हेमराज म्हणाला.

"दिसतंय. गवत कुठंय?"

"खाली दबलं."

"ही बेशरम ना?"

हेमराजनं मान डोलावली. "हव."

मॅडमनी मुळं उकरून पाहिली. "माती धरलीय, पण ही पुढं सगळा नाला खाऊन टाकेल. नापास."

"याले आजच हाकलतो मॅडम," ठेकेदार घाईनं म्हणाला.

"अजिबात नाही! लावली यानं, काढणारही हाच. आधी गवत धरवायचं, मग गवतानं धरली तेवढ्याच जागेतली बेशरम काढायची. शेवटची कांडी निघेपर्यंत हा माणूस इथून हलता कामा नये." मॅडमनी तसं लिहून त्यावर ठेकेदाराची सहीही घेतली.

गाडी गेल्यावर हेमराज डोकं धरून बसला. "मेलो ना बाई मी!"

गुणाबाईला हसू आवरेना. "रडून काऊन राह्यले भाऊ? बेशरम कधी कोणाच्यानं संपली हाय काय? आता रिटायर होऊनच घरी जा!"