उपवासाच्या वेज

मनस्वीने गोल्फची बॅग उचलली आणि तोल जाऊन मागे धडपडली, कारण बॅगेत वजनच नव्हतं.

"आई, माझ्या वेज कुठायत?"

"देवापुढं," भामा शांतपणे म्हणाली.

खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती. कोयता, विळा, बाबांच्या ट्रकचा पाना आणि त्यांच्या पंगतीला झेंडूचे हार घालून चारी वेज, म्हणजे गोल्फच्या लोखंडी तोंडाच्या आखूड काठ्या, शहाण्या मुलींसारख्या झोपलेल्या. अंगभर तेल, वर हळद-कुंकवाची बोटं. इकडे तासाभरात खारघरच्या मैदानावर ज्युनिअर संघाची निवड, तीही फक्त जवळच्या फटक्यांवर. आणि जवळचे फटके मारायचे तर वेजच लागतात.

"पुजलेलं हत्यार आज उचलायचं नाय."

"आई, ही हत्यारं नाहीयेत."

"लोखंडाची हायेत, त्यांनी तू मारतेस. मंग काय, भांडी हायेत?"

मनस्वीने कंबर कसली. "हे बघ, प्रत्येकीचं तोंड वेगळ्या कोनात असतं. ही चेंडू पळवते, ही मधल्या अंतराची, ही छप्पन डिग्रीवाली वाळूतून काढते. आणि ही साठवाली चेंडू वर उडवून जागच्या जागी बसवते. चारी लागतात."

"मी मासली कापाय कोयता, विळी, सुरी समदं घेऊन बसते काय?"

"बसतेस."

भामाने विचार केला. बसत होतीच ती. "बरं, एक ने. देवाला मी सांगते. पन कुंकू पुसायचं नाय. शब्द दे."

मनस्वीने शब्द दिला. वर्षभर हट्ट करून मिळवलेल्या साठवालीकडे हात गेला आणि थबकला. ती वर उडवेल, पण लांब कोण नेणार? छप्पनवालीचं तोंड उघडं धरलं की ती साठवालीसारखी वागते, हात पुढे झुकवले की पळवतेही. मनस्वीने छप्पनवाली उचलली.

मैदानावर निवडीलाच आलेला प्रणित चकचकीत वेज मांडून बसला होता. "तुझ्या बाकीच्या कुठायत?"

"उपवास आहे त्यांना."

तिचा पहिला फटका झकास बसला. चेंडू खळग्यापाशी पडला, पण थांबेचना. वेजच्या तोंडावरच्या खाचा चेंडूला पकडतात, आणि त्या तर तेल-कुंकवाने लिंपलेल्या. चेंडू घसरत गेला तो निवड करणाऱ्या सरांच्या पांढऱ्या पँटवर टिळा लावूनच थांबला.

"लागलं का कुठे तुला?" लाल डाग बघून सर घाबरले.

"नाही सर. कुंकू आहे."

दुसराही तसाच पळाला. खिशात रुमाल होता, पण शब्दही दिलेला होता. मनस्वीने दात आवळले. थांबत नाहीस ना, मग पळ बाबा. तिने तिसरा चेंडू मुद्दाम खूप अलीकडे टाकला. तो घरंगळत खळग्याच्या काठाशी जाऊन बसला. चौथाही. पाचवा थेट आत.

प्रणित मात्र ही घेऊ की ती करत राहिला, शेवटी साठवाली घेतली, आणि चेंडू सरळ वर जाऊन त्याच्याच बुटापाशी उतरला.

सरांनी पहिलं नाव मनस्वीचं वाचलं. वर सगळ्यांना दम भरला, "महिनाभर प्रत्येकाने एकच वेज आणायची. बाकीच्या घरी."

अख्खा संघ तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होता. तिने घरी फोन लावला.

"आई, झाली निवड."

"बघ. मंग उद्या दसऱ्याला उचलू ना बाकीच्या?"

"नको. सर म्हणाले, महिनाभर हात लावायचा नाही."



"तुझा सर कनच्या गावचा गो? आपल्यातलाच दिसतोय."