गोदाकाकूंना बाळ बघायचं नसे

आळीत कुणी बाळंत झाली की गोदाकाकू भेटायला येत आणि बाळाकडे ढुंकूनही बघत नसत. आजी कौतुकाने दुपट्याचं टोक सारून नातवाचं नाक दाखवायला पुढे होई. काकू पाळण्याला वळसा घालून थेट बाळंतिणीच्या खाटेपाशी. "त्याला बघायला अख्खी रत्नागिरी येईल. मी हिला बघायला आल्ये."

मग त्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढत. एकदा त्यांनी मामलेदारांच्या बायकोला तिच्याच घरात पडवीत बसवून ठेवलं होतं. दार लोटलं की पिशवीतून बाळंतिणीला वर्ज्य असलेल्या नेमक्या त्याच वस्तू निघत: आंबोशीचं तिखट लोणचं, लिमलेटच्या गोळ्या, सिनेमाचं जुनं मासिक. काकू उंच, हाडकुळ्या, आणि आवाज एस.टी.च्या कंडक्टरचा. "हळू बोल, बाहेर सासू आहे," असं त्या कुजबुजत ते मागच्या विहिरीपर्यंत ऐकू जाई.

आळीतला पहिला टीव्ही आला त्या वर्षी मी मुंबईहून बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगी झाली. गुटगुटीत, सगळ्यांना आवडली. मला मात्र काहीच वाटेना. शेजारणीचं मूल घटकाभर सांभाळायला घेतल्यासारखी मी तिला पाजत असे. झोप उडाली. आई म्हणाली, दृष्ट लागली, आणि तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या. मावशीने अळीव वाढवला. मी रडत रडत अळिवाचे लाडू खात होते.

काकू आल्या, नेहमीप्रमाणे सगळ्यांना बाहेर घालवलं आणि फणी घेऊन माझ्या मागे बसल्या. केसांचा गुंता सोडवत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बोल आता. पण गोड बोलू नको."

मी बोलून गेले, "काकू, मला ही मुलगी नकोशी वाटते."

वाटलं, आता छप्पर कोसळणार. काकूंचा हात थांबलासुद्धा नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "आणखी?"

एवढी मोठी बाई मी दुसरी पाहिली नाही. जे मी देवापुढेही बोलले नसते ते ऐकून ती 'आणखी' विचारते, आणि आणखी काही निघालं तर तेही ठेवून घ्यायला तिच्याकडे जागा असते. मी सगळं सांगितलं. विहिरीपाशी गेलं की आत बघत राहावंसं वाटतं, हेही सांगितलं.

तेव्हा मात्र फणी थांबली. काकू बाहेर गेल्या आणि आईला म्हणाल्या, हिला एकटी सोडायची नाही, आणि आत्ताच्या आत्ता मी हिला बाईडॉक्टरांकडे नेत्ये. आई गांगरली. महिना झालेला नाही, लोक काय म्हणतील. काकूंनी सांगितलं, लोकांना माझ्याकडे पाठव.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हा आजार आहे, यात तुमचा काही दोष नाही, म्हणाल्या. औषध दिलं आणि काकूंना सांगितलं, हिला बोलती ठेवा. काकूंनी ते फारच मनावर घेतलं. रोज दुपार कलली की त्या मला भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत नेऊन बसवत. मला बोलणं सुचलं नाही तर स्वतःच सुरू होत: जावेचं मीठ जास्त, कोळणीचा भाव जास्त, टीव्हीवरच्या बातम्या देणारीचा पदर आखूड. मी रडू लागले तर गप्प करत नसत. थोड्या वेळाने विचारत, "झालं? की आहे अजून?"

असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी बसल्या बसल्या मी म्हणाले, "चला काकू, तिला भूक लागली असेल." काकू वाळू झटकून उठल्या आणि घराकडे इतक्या झपाझप निघाल्या की बाळंतीण मागे राहिली आहे हेच विसरल्या.

पुढे मी सावरले तेव्हा आईने मला काकूंची हकिकत सांगितली. मुलगा झाल्यावर त्या कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. दूध आटलं. घरच्यांनी भगत आणला, अंगारे लावले. त्यांना काय होतंय, हे कुणी त्यांना विचारलं नाही. एकत्र घर. मूल जावेने वाढवलं. काकू उठून हिंडूफिरू लागल्या तोवर ते जावेला आई म्हणत होतं आणि यांना, इतर पुतण्यांसारखंच, काकू. ते कुणी बदललं नाही. काकूंनीही नाही.

मुंबईला परतण्याआधी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. मुलगा जहाजावरून सुट्टीवर आला होता. चांगला उंचापुरा, काकूंच्याच हाडाचा. माजघरात जेवत होता. काकू त्याला तळलेले बांगडे वाढत होत्या. "काकू, तुम्हीपण बसा ना," तो अदबीने म्हणाला. "बसत्ये," म्हणून त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्याच राहिल्या आणि त्याचा एकेक घास बघत राहिल्या. मी आल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात आतून जावेने त्याला हाक मारली. तो उठू लागला. काकूंनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, उरलेला बांगडा त्याच्या पानात वाढला आणि म्हणाल्या, "आधी जेव. मग जा. आई बोलावत्ये."