फ्लशपुरतं तरी येऊ दे!

छत्रपती संभाजीनगरात गुप्तहेर म्हणावा असा माणूस एकच आहे, आणि तो मी आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसऱ्यांना माहीत असलं तर मी गुप्त कसला? नाव बिभीषण डोईफोडे. रावणाच्या घरातली आतली बातमी बाहेर पोहोचवणारा पुराणातला पहिला खबऱ्या याच नावाचा होता. तेव्हा हा धंदा मला बारशालाच चिकटला. नजर घारीची, कान सशाचे, आणि डोकं माझं स्वतःचं.

कचेरी औरंगपुऱ्यात. पुढे माझी बायको शीला साड्यांना पिको-फॉल करते आणि पडद्यामागे मी रहस्यं सोडवतो. पडद्यामागे फारसं कोणी येत नाही. यावरूनच शहरातल्या गुन्हेगारांनी माझी किती धास्ती घेतली आहे ते कळतं.

त्या दिवशी पडदा सरकला. आत आले ते पांढऱ्या शर्ट-पायजम्यातले जाडजूड गृहस्थ, आणि मागोमाग डोक्यावर पदर घेतलेल्या त्यांच्या पत्नी. मी डोळे अर्धवट मिटले.

"तुम्ही बिडकीनहून आलात. नाव तात्यासाहेब. मुलीच्या लग्नाची काळजी आहे."

"व्हय की! आत्ताच भाईर तुमच्या मंडळींना हेच सांगितलं म्या."

"तरीसुद्धा," मी म्हणालो.

प्रकरण असं होतं. त्यांची मुलगी श्रेया हिची सोयरीक पुंडलिकनगरच्या सुदर्शनशी ठरली होती. पोरगा कंपनीत, निर्व्यसनी, दिसायला बरा. पत्रिका छापायला टाकणार, इतक्यात कुणीतरी तात्यासाहेबांच्या कानात फुंकलं की पोरगं मोबाइलवर पोकर खेळतं.

"पोकर म्हंजी इलायती तीन पत्ती, म्हायती हाय मला," तात्यासाहेब म्हणाले. "आन् पैसे लावून मोबाइलवर खेळायचं तर सरकारनं बंद केलंय ना आता? ज्याला कायद्याची भीती नाय, त्याला पोरगी कशी देऊ? खेळत असंल तर सोयरीक मोडली. पोरगी म्हणते, करीन तर त्याच्याशीच, न्हायतर करणारच नाय. आता तुमी सांगाल तसं."

"तुम्ही स्वतः पत्ते खेळता?"

"फकस्त पोळ्याला. ते येगळं. ते धार्मिक हाय."

साळूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, पदर आणखी पुढे ओढला. एका मुलीचा अख्खा संसार माझ्या एका शब्दावर येऊन लटकला होता. मला फार बरं वाटलं.

मी लगेच अभ्यासाला बसलो. एकाच रंगाची पाच पानं आली की पोकरमध्ये त्याला फ्लश म्हणतात, हे टिपून घेतलं. मग कायदा वाचला. पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांवर आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर कारवाई होते, इथपर्यंत कळलं. पुढचं पान मोबाइलवर उघडेना, म्हणून उरलेला कायदा मी अंदाजानं पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याच्या वेषात पुंडलिकनगर गाठलं. वेषांतर इतकं चोख, की एका बाईनं मला वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला आणि वजनात मारतो म्हणून भांडलीसुद्धा. तिच्या तावडीतून सुटतो तर समोर सुदर्शन! फाटकाशी उभा, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, हातात चिंचोक्यांची पिशवी, कानाला फोन. मी रद्दीआड झालो. तो जे बोलला ते मी शब्द न् शब्द डोक्यात साठवलं.

मग कचेरीत येऊन तर्क चालवले. पहिला तर्क असा, की फोनवर ज्या गोकुळचं नाव निघालं तो पत्ते वाटणारा. दुसरा तर्क, बोलण्यात 'खालचे' आले ते अंडरवर्ल्ड, कारण शब्दाचा अर्थच तो. 'वरचे' आले ते कोण हे मला कळलं होतं, पण मला याच शहरात राहायचं आहे. राहता राहिले चिंचोके. ते परकीय चलन असणार.

"शीला, आंतरराष्ट्रीय आहे हे," मी पडद्यातून ओरडलो.

"जेवून घ्या," पलीकडून उत्तर आलं.

निकालाच्या दिवशी तात्यासाहेब, साळूबाई आणि श्रेया तिघंही आली. आत एवढ्यांना जागा नव्हती, म्हणून बैठक शीलाच्या मशीनपाशीच बसली. कोपऱ्यात दगडाबाई नावाचं गिऱ्हाईक फॉलची वाट बघत होतं. श्रेयाचे डोळे रडून सुजले होते. मी घसा खाकरला आणि सुदर्शनचं संभाषण त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

"'हां, बोल. लागला का आपला नंबर? अजून नाय? मी सकाळपासून लावून बसलोय यार! आज सोडणारा कोण हाय? गोकुळ? मग जमलं, गोकुळ सोडतो तवा भरून देतो. मागच्या टायमाला खालच्यांनी सगळं वढून नेलं, वरच्यांना कायबी मिळालं नाय. जास्तीचं कोण मागतंय, फ्लशपुरतं आलं तरी बास!'"

तात्यासाहेबांचा चेहरा पडला. "फ्लश," मी बोट वर करून म्हणालो, "म्हणजे एकाच रंगाची..."

"अगं बया, सोडलं?" दगडाबाई ताडकन उठल्या. "कोण्या गल्लीत सोडलं? आमच्याकडं तर उद्या म्हणले होते!" आणि अर्ध्या फॉलची साडी टाकून, एका पायात चप्पल घालून त्या बाहेर पळाल्या.

"पकडा!" मी ओरडलो. "टोळीतली बाई आहे ती!"

शीलानं दातातली टाचणी काढली. "नळाच्या पाण्याचं बोलतंय ते पोरगं."

मी मात्र सहजासहजी खचणारा नव्हे.

"मग 'लावून बसलोय' म्हणजे काय?"

"मोटर."

"आणि सोडणारा?"

"वॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा. गोकुळ आपल्या गल्लीला बी येतो कधीमधी."

"खालचे?"

"उतारावरचे. त्यांच्या मोटरी सगळं वढून घेतात."

"आणि फ्लश?"

शीलानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मग मलाही कळलं. पण एक धागा अजून हातात होता.

"नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे!" मी टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे कायदा मोडलाच!"

"आपली बी हाय," शीला म्हणाली.

आता श्रेयाला कंठ फुटला. "बाबा, पोकर खेळतो तो, खोटं कशाला बोलू? त्याला आवडतं. आधी मोबाइलवर पैसे लावायचा, पण कायदा आला, ते ॲप बंद झालं, त्यानं नाद सोडला. आता रविवारी मित्र बसतात अन् चिंचोक्यांवर खेळतात. मला बी शिकवलंय त्यानं. कधी ब्लफ मारायची ते मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं."

"निस्ते चिंचोके?" तात्यासाहेबांच्या आवाजात चक्क हिरमोड होता. "त्यात काय मजा?" मग आपण वधूपिता आहोत हे त्यांना आठवलं. "पण नाद तो नादच. आज चिंचोके, उद्या..."

"थांबा वाईच."

साळूबाई बोलल्या होत्या. तात्यासाहेब इतके दचकले, की खुर्ची करकरली.

"श्रेया, त्यांच्या घरी पाणी तोच भरतो का?"

"व्हय आई. पहाटेपासनं जागतो. त्याच्या आईला उठू बी देत नाही."

"म्या सारा जल्म हापशावरनं घागरी वाहिल्या," साळूबाई नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या. "सासूचं पाणी, गुरांचं पाणी, ह्यांच्या आंघुळीचं पाणी. ह्यांनी कधी बादलीला हात लावला नाय. ते पोरगं पत्ते खेळू दे न्हायतर गोट्या. पत्रिका छापायला टाका."

तात्यासाहेबांनी खिशातून मोबाइल काढून छापखान्याचा नंबर शोधायला घेतला. श्रेया आईच्या गळ्यात पडून पुन्हा रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं. प्रकरण माझ्या देखरेखीखाली निकाली निघाल्याचं मला मनापासून समाधान वाटलं.

तेवढ्यात शीलानं मशीन बंद केलं. माझ्याकडं वळून शांतपणे विचारलं, "आपल्याकडं पाणी कोणत्या दिवशी येतं, सांगा बरं."

गुप्तहेराला माहिती नसली तरी अनुमान असतं. मी डोळे अर्धवट मिटले. "रोज," मी म्हणालो. "कारण मी रोज आंघोळ करतो."

साळूबाई उठल्या, पदर सावरला आणि माझ्या दिशेनं येत दोन्ही हात जोडले. मी नम्रपणे मान झुकवून नमस्कार स्वीकारला. मान वर केली तेव्हा त्या मला ओलांडून शीलासमोर उभ्या होत्या.